दारची झिनिया व शेतांतील विष

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गापलीकडे मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या बाजूस जी नवी वस्ती वाढली आहे, तींत आपल्या वाचकांपैकीं अनेकांचीं घरें आहेत. शेती गांवीं, आणि मुलांच्या शिक्षणासाठीं घर येथें, अशी व्यवस्था आतां विदर्भांतील बऱ्या स्थितींतील शेतकरी कुटुंबांत सर्वसाधारण झाली आहे. घरापुढें चार हात जागा असली तरी तींत कांहीं लावल्यावांचून शेतकऱ्याच्या हातास चैन पडत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत या गल्ल्यांतून फिरावें, तों अनेक फाटकांपाशीं लाल, केशरी, गुलाबी, पिवळी झिनिया फुललेली दिसते. तें पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु त्याच फाटकाच्या आंत, जिन्याखालच्या कोनाड्यांत, गांवाहून आणलेली कपाशीवरच्या औषधाची अर्धी बाटलीहि कित्येकदां दृष्टीस पडते, आणि मग तो आनंद टिकत नाहीं. त्या बाटलीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. दारच्या फुलझाडांवर शेतांतील विषारी औषध फवारण्याची जी रूढी पडत चालली आहे, ती धोक्याची आहे, बहुधा निरुपयोगी आहे, आणि शेतकऱ्याची कीड ओळखण्याची नजर तीमुळें मंद होते. झिनियासारख्या काटक झाडास तर या विषाची मुळींच गरज नाहीं.

कोणी विचारील कीं, शेतकऱ्यांच्या मासिकांत फुलझाडाची चर्चा कशास? ज्यास कापूस, तूर, संत्रा यांची विवंचना, त्यास झिनियाचें काय? यास आमचें उत्तर असें कीं, झिनिया ही सूर्यफूल, शेवंती व झेंडू यांच्याच कुळांतील आहे. आणि तिच्यावर येणारी कीड बहुतेक तीच, जी आपल्या कपाशीवर, मिरचीवर व वांग्यावर येते. दहा एकरांच्या शेतांत जें ध्यानांत येत नाहीं, तें दारच्या वाफ्यांत रोज डोळ्यांसमोर घडतें. म्हणून त्या वाफ्याकडे आम्ही शिकण्याची जागा म्हणून पाहतों.

प्रथम झाडाचा स्वभाव पाहूं. झिनिया मूळची मेक्सिको देशाची. जर्मनींतील गॉटिंगेन येथील वैद्यकाचे अध्यापक योहान गॉटफ्रीड झिन हे १७५९ मध्यें वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं वारले. त्याच वर्षीं लिनियसनें त्यांचें नांव या फुलास दिलें. उन्हाच्या देशांतील झाड असल्यामुळें तिला भरपूर ऊन लागतें, आणि नागपूरची उष्णता, मुळाशीं ओल असेल तर, ती चांगली सोसते. तिला सोसत नाहीं तें साचलेलें पाणी. आमच्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते. त्यांत नव्या घरांभोंवतीं विटांचा चुरा व बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. तेव्हां जागा हातभर खणून राडारोडा काढावा, थोडी रेती मिसळावी, आणि वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. शेणखत चांगलें कुजलेलें असावें. कच्च्या शेणाबरोबर हुमणी व वाळवी यांना आपण आपल्याच हातानें आमंत्रण देतों.

बीं जून-जुलैंत, सप्टेंबर-ऑक्टोबरांत किंवा जानेवारी-फेब्रुवारींत पेरतां येतें. रोपाचीं मुळें दुखावलेलीं झिनियास आवडत नाहींत, यासाठीं शक्य तों जागेवरच पेरावें. बीं अर्धा सेंटिमीटरहून खोल पुरूं नये. चार ते सात दिवसांत तें उगवतें. मग विरळणी करून उंच जातीचीं रोपें सुमारें ३० सेंटिमीटर व बुटक्या जातीचीं १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर ठेवावीं. उगवलेलें रोप उपटण्यास हात धजत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण दाटीनें वाढलेल्या झाडांच्या पानांवरील ओल सुकत नाहीं, आणि पावसाळ्यांत पानांवर ठिपके व हिंवाळ्यांत भुरी हे रोग बहुतांशीं या दाटीमुळेंच बळावतात. चार जोड पानें झाल्यावर शेंडा खुडला कीं बाजूचे फुटवे येतात. पाणी सकाळीं व मुळाशीं घालावें. नळीनें झाडाला अंघोळ घालण्याची रोजची संवय टाकावी. युरियाची मूठ तर टाकूंच नये. तिनें पाला लुसलुशीत होतो, फुलें कमी येतात, आणि मावा मात्र हटकून येतो. इतकें केल्यास आठ ते दहा आठवड्यांत फूल हातीं लागतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. झिनियावर दिसणारा प्रत्येक जीव शत्रु नसतो, आणि प्रत्येक शत्रूस एकच उपाय चालत नाहीं. म्हणून आठवड्यांतून दोन वेळां, सकाळीं, पानें उलटून पाहावीं. काय पाहावें तें थोडक्यांत देतों.

कोंवळ्या शेंड्यांवर व कळ्यांच्या देठांवर हिरवट किंवा काळसर बारीक किड्यांची दाटी दिसली, पानें चिकट झालीं, व मुंग्यांची रांग लागली, तर तो मावा. पाण्याची जोरकस धार दोन-तीन दिवस लागोपाठ सोडली असतां बराचसा मावा गळून पडतो. पण धार सोडण्यापूर्वीं त्या दाटींत लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा फिरतो आहे काय, तें पाहावें. त्याची अळी काळपट, अंगावर केशरी खुणा असलेली, सुसरीच्या आकाराची असते. तिला पुष्कळ लोक कीड समजून चिरडतात, आणि वस्तुतः मावा फस्त करणारी तीच असते. हे किडे पुरेसे दिसत असतील तर चार दिवस स्वस्थ बसावें.

पान हलवतांच खालून पांढऱ्या कणांसारख्या माशा उडाल्या तर ती पांढरी माशी. रस शोषण्यानें ती जें नुकसान करते त्याहून तिनें आणलेला पर्णगुच्छाचा विषाणु-रोग वाईट. पानें वळून, जाड होऊन, झाड खुजें राहतें. असें झाड कोणत्याहि फवाऱ्यानें बरें होत नाहीं. तें उपटून नष्ट करावें, म्हणजे शेजारचीं वांचतात. पिवळ्या रंगाचा चिकट सापळा वाफ्यांत लावल्यास माशी किती वाढली आहे हें कळतें. याच माशीसाठीं आम्ही एक इशारा देतों. मिरची, टोमॅटो किंवा कपाशी यांच्या अगदीं लगत, धुऱ्यावर, सरसकट झिनिया लावण्याची शिफारस आम्ही करीत नाहीं. तिच्या मधावर उपयुक्त किडे येतात हें खरें. पण पांढऱ्या माशीस ती आसराहि देते.

पाकळ्यांवर फिकट रेघा व डाग पडले, कळी वेडीवांकडी उमलली, तर फूल पांढऱ्या कागदावर झटकून पाहावें. रेघेएवढे चपळ जीव पडले तर ते फुलकिडे. अशीं फुलें खुडून टाकावीं. पेरांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. या ढेकणानें २००६-०७ च्या सुमारास आपल्या देशांत कपाशीची दाणादाण उडविली होती, आणि त्यास आवर घालण्याच्या कामीं एनासियस नांवाच्या एका इवल्या परोपजीवी माशीचा मोठा वांटा होता, हें वाचकांनीं विसरूं नये. ती माशी कोणी विकत आणून सोडली नव्हती. दारच्या झाडावरचा ढेकूण साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या बोळ्यानें पुसून काढतां येतो.

अळ्यांमध्यें तंबाखूवरील पानें खाणारी अळी सर्वांत खादाड. तिचा पतंग पानाखालीं अंड्यांचा पुंजका घालून तो तपकिरी केसांनीं झांकतो. पुंजक्यांतून निघालेल्या बारीक अळ्या कांहीं दिवस एकाच पानावर दाटीनें राहतात आणि त्या पानाची जाळी करतात. हीच वेळ साधावी. तें एक पान तोडून साबणाच्या पाण्यांत टाकलें कीं शेंकडों अळ्यांचा निकाल लागतो. आठ दिवस दुर्लक्ष केलें तर त्याच अळ्या वाफाभर पांगतात, दिवसा मातींत दडतात व रात्रीं चरतात. मग माणूस भिऊन बाटलीकडे धांवतो. हिरवी बोंडअळी, जी हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून आपल्या परिचयाची आहे, ती फुलाच्या मध्यांत शिरते. तीहि हातानें वेंचावी.

एवढें करूनहि रस शोषणारी कीड हटली नाहीं, तर निंबोळीचा अर्क पुरेसा होतो. वाळलेल्या निंबोळ्या कुटून त्यांची भुकटी करावी. ५० ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्याच्या हिशेबानें रात्रभर भिजवावी, सकाळीं फडक्यानें गाळावी, किंचित् साधा साबण मिसळावा, व त्याच दिवशीं संध्याकाळीं, मधमाशा परतल्यावर, पानांच्या खालच्या बाजूस फवारावें. मृगाच्या सुमारास गांवोगांवच्या लिंबांखालीं निंबोळ्यांचा सडा पडतो, आणि तो बहुतेक पायांखालीं तुडविला जातो. टोपलीभर वेंचून, धुऊन, सावलींत वाळवून ठेवल्या तर वर्षभर दारच्या बागेस पुरतील.

हें सर्व सांगण्याचा अधिकार आम्हांस चूक करून मिळाला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच वाफ्यांत झिनियाच्या शेंड्यांवर मावा आला. आम्हीं एका विक्रेत्यास विचारलें. त्यानें दोन औषधें एकत्र करून मारावयास सांगितलें, आणि आम्हीं, लेबल न वाचतां, तीं मारलीं. दोन दिवसांत मावा मेला व आम्हीं समाधान मानलें. तिसऱ्या आठवड्यांत पानें धुळकट, तांबूस दिसूं लागलीं, व त्यांखालीं बारीक जाळें आढळलें. भिंगानें पाहतां लाल कोळी. कोळी हा आठ पायांचा जीव. पुष्कळशा कीटकनाशकांनीं तो मरत नाहीं, पण त्यास खाणारे किडे मात्र मरतात. आम्हीं माव्याबरोबर आमचे राखणदारहि मारले होते. त्या हंगामांत वाफ्यावर फुलपांखरें क्वचित्च दिसलीं. शेजारच्या घरचें लहान मूल त्याच कुंपणाला धरून उभें राहण्यास शिकत होतें, ही गोष्ट तर आमच्या मनांत फवारणीनंतर आली. आज लिहितांनाहि तिची आठवण सुखाची नाहीं.

ज्या औषधांची गोष्ट आपण करीत आहों, त्यांचें सामर्थ्य विदर्भास नव्यानें सांगावयास नको. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले; शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उष्मा, दोन-तीन औषधांचीं मिश्रणें आणि अंगावर संरक्षक वस्त्रें नसणें, हीं कारणें त्या वेळीं पुढें आलीं. त्याच वर्षीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील कपाशी पोंखरली. जी अळी बोंडाच्या आंत बसली आहे, तिला वरचा फवारा काय करणार? किडीची राहणी ठाऊक नसतां केलेली फवारणी कशी वायां जाते, याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तीच औषधें मनीषनगरसारख्या वस्तींत दहा फुटांवर शेजाऱ्याची खिडकी असतां, अनवाणी, उघड्या हातांनीं, पिण्याच्या पाण्याच्या तांब्यानें मोजून फवारलीं जातात. शेतांत निदान वारा असतो व घर दूर असतें. येथें वाफ्याशेजारीं कपडे वाळत असतात, आणि त्याच फुलांची परडी सकाळीं देवापुढें जाते. उरलेलें औषध सरबताच्या बाटलींत ओतून ठेवण्याची चाल तर केवळ घातक होय. आमच्या मतें या साऱ्याचें मूळ आपल्या एका शब्दांत आहे. आपण विषास 'औषध' म्हणतों. औषध म्हटलें कीं तें थोडें जास्त दिलें तर चालेल, सर्वांना सारखें लागू पडेल, घरांत ठेवण्यास हरकत नाहीं, अशी समजूत आपोआप होते. निदान घरांत तरी त्यास विष म्हणण्याची संवय मुलाबाळांस लावावी.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नोकरी, शाळा व गांवचें जाणें-येणें सांभाळून पानें उलटून पाहण्यास वेळ कोणास आहे? वाफा जर दोन हात रुंद व सहा हात लांब असेल, तर दहा मिनिटें पुरतात. ठराविक वारीं ठराविक औषध मारण्याचा क्रम सोपा वाटतो, हें खरें. पण क्रमाला झाड दिसत नाहीं. याचें एक मौजेचें उदाहरण आकाशांत घडलें. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत झिनिया वाढविण्याचा प्रयोग चालू असतां डिसेंबर २०१५ मध्यें झाडें फार ओलीं राहून त्यांवर बुरशी आली. तेव्हां तेथील अंतराळवीर स्कॉट केली यांनीं, कागदावरच्या वेळापत्रकाऐवजीं झाडाकडे पाहून पाणी देण्याची मोकळीक मागून घेतली. ती मिळाली, झाडें सावरलीं, आणि जानेवारी २०१६ मध्यें फूल उमललें. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर जी गोष्ट पटली, ती आपल्या फाटकाच्या आंत पटण्यास हरकत नसावी.

शेवटीं, एकट्यानें न होणारें एक काम आहे. मनीषनगर व बेसा या बाजूस घरांमधून अनेक मोकळे भूखंड पडून आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांवर गाजरगवत कंबरेइतकें माजतें. हें गवतहि अमेरिका खंडांतून आलेलें व झिनियाच्याच कुळांतील आहे. १९५५ च्या सुमारास तें प्रथम पुण्यास आढळलें, व नंतर देशभर पसरलें. पिठ्या ढेकणाचें तें आवडतें बिऱ्हाड. आपण दारीं कितीहि पुसलें तरी शेजारच्या भूखंडांतून तो पुन्हां येतो. म्हणून गल्लींतील चार घरांनीं मिळून, पहिल्या दोन पावसांनंतर जमीन मऊ असतां व गवत फुलावर येण्यापूर्वींच, हातमोजे घालून तें मुळासकट उपटावें. उपटतांना त्याच्या पानांवर मळकट पांढऱ्या पाठीवर गडद नागमोडी रेघा असलेले भुंगे आढळले तर त्यांस मारूं नये. हे झायगोग्रामा जातीचे भुंगे गाजरगवत खाण्यासाठींच १९८३ मध्यें मेक्सिकोहून बंगळूरास आणले गेले, आणि आतां देशांत अनेक ठिकाणीं स्थिरावले आहेत. भूखंडाचे मालक परगांवीं असले तर त्यांस पत्रानें कळवावें. बहुतेक नकार देणार नाहींत.

आपल्या मंडळासहि आमची एक सूचना आहे. मासिक सभेच्या दिवशीं सभासदांनीं आपल्या दारच्या झाडावरील एक किडका डहाळा झांकलेल्या बरणींत घालून आणावा, आणि सभेच्या आरंभीं अर्धा तास तो सर्वांनीं भिंगाखालीं पाहावा. वर्धा मार्गावरच, पांजरी येथें, १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. शहरांत १९०६ सालापासूनचें कृषि महाविद्यालय आहे. जो किडा ओळखतां येणार नाहीं, तो तेथील जाणकारांस दाखवावा. ओळख पटल्याशिवाय उपाय सुचवावयाचा नाहीं, एवढा एक नियम सभेनें पाळावा.

जिन्याखालच्या अर्ध्या बाटलीचें काय करावें? ती गटारांत ओतूं नये, आणि भंगारवाल्यासहि देऊं नये. तिच्या मूळच्या वेष्टनांतच, झांकण घट्ट लावून, गांवीं शेताच्या कोठींत कुलूपबंद ठेवावी. मुदत संपली असल्यास कृषि अधिकाऱ्यांस विचारून तिची विल्हेवाट लावावी. आणि येत्या मृगांत प्रत्येक वाचकानें आपल्या दारीं झिनियाचा एक तरी वाफा विषावांचून वाढवावा. त्यावर कोणती कीड केव्हां आली, तिला कोणी खाल्लें, कोणता उपाय साधला व कोणता फसला, हें आम्हांस कळवावें. फसलेल्या उपायांचीं पत्रेंहि आम्ही तितक्याच आनंदानें छापूं.